मी आणि तो चिंध्यांचा लाडू

मी फुटबॉल बोलतोय. खराखुरा, चामड्याचा, अठरा तुकडे जोडून शिवलेला. तुम्ही पनवेलहून माझ्यासाठी नवा रबरी फुगा आणि सायकलचा पंप घेऊन आलात, मला हातात घेऊन दाबून पाहिलंत, आणि तुमच्या कपाळाला आठी पडली. "हा असा मऊ का?" असंच मनात आलं ना? सांगतो. पण पहिल्यापासून सांगणार आणि माझ्या पद्धतीनं सांगणार. तोवर तो पंप जरा बाजूला ठेवा.

आधीच एक कबूल करतो. माझा स्वभाव मत्सरी आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की मला सहन होत नाही. पुष्कळ माणसांचं असंच असतं, फक्त ती बोलून दाखवत नाहीत. मी बोलतो, एवढाच फरक.

माझा जन्म जालंधरचा. कारखाना म्हणायचा, पण होती एक अंधारी खोली आणि चार माणसं. फाळणीत घरदार सोडून आलेल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला शिवलं. फुटबॉल आधी उलटा शिवतात, टाके सगळे आतून, आणि मग एका चिरेतून त्याला सुलटा करतात. त्याच चिरेतून पोटात रबरी फुगा घालतात, त्यात हवा भरतात आणि वरून बुटाला नाडी ओवावी तशी चामड्याची वादी ओवून गाठ मारतात. ही वादी लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ तिनं केला.

तिथून मी मुंबईच्या दुकानात आणि दुकानातून १९४९ साली पनवेलच्या एका तरुण मंडळात आलो. काय दिवस होते ते! दाढीमिशा फुटलेली दणकट पोरं माझ्यामागे ऊर फुटेस्तोवर धावायची. खेळ संपला की मला पुसायची, खोबरेल तेलाचा हात फिरवायची आणि क्लबच्या खोलीत खुंटीवर जाळीत टांगायची. खोलीत शिरलेला प्रत्येक माणूस आधी मला एक थाप मारायचा आणि मग बसायचा.

चार वर्षांनी एक नवा आला. नारिंगी रंगाचा, चकचकीत. त्याला माझी खुंटी दिली आणि मला कपाटाखाली ढकललं. मी तिथून पाहत राहायचो. येणारा प्रत्येक जण त्या नव्याला थाप मारायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मत्सराची ही माझी पहिली ओळख.

तुळशीराम मास्तरांनी मला त्या कपाटाखालून काढलं. खाडीकाठच्या एका आगरी गावात, पनवेलपासून दीड तास चालत, ते प्राथमिक शाळेवर शिक्षक होते. तरुणपणी मुंबईला गोदीत कामाला असताना फुटबॉल खेळलेले. काळेसावळे, बुटके, चालताना डावा पाय किंचित फेकायचे. मंडळाच्या पोरांना म्हणाले, "हा तुम्हाला नको असेल तर मला द्या. माझ्या शाळेतल्या पोरांना हवाय."

"मास्तर, तुमची चिमुरडी पोरं फुटबॉल खेळणार?" पोरं हसली.

"खेळणार. सव्वीस जानेवारीला इथंच येऊन खेळणार. तुमच्या शहरातल्या लहान मुलांशी."

मला वाटलं, चला, आपले दिवस पुन्हा आले.

मास्तरांच्या मनात काय होतं, ते मला वाटेत कळलं. ते चालताना स्वतःशी बोलायचे. झालं होतं असं, की तालुक्याहून तपासणीला साहेब आले होते. त्यांनी तिसरीतल्या अनंताला उभं करून साधा प्रश्न विचारला. अनंताला उत्तर येत होतं, मास्तरांना ठाऊक होतं की येतं. पण पोरानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्याच्यामागचे सगळेही तसेच, एकमेकांच्या पाठीआड लपलेले. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. "डोक्यात हाय, पन तोंडावाटे येत नाय," मास्तर मला काखेत मारून बांधावरून चालत पुटपुटत होते. "वर्गात छडी घेऊन ते येनार नाय. मैदानात येल."

शाळेमागे खाडीच्या बांधालगत सुकी सपाट जागा होती. तिथं सात पोरं उभी केली होती. आठ-नऊ वर्षांची, काटकुळी, अनवाणी. मला आनंदाच्या भरात ताठ व्हावंसं वाटत होतं आणि मास्तरांनीही सायकलच्या पंपानं मला चांगला ठणठणीत भरला होता. त्यांनी पहिली किक मारली ती हलकीच. पण मी टणक जमिनीवर उसळलो आणि थेट अनंताच्या तोंडावर गेलो. वादीची गाठ त्याच्या वरच्या ओठावर बसली. रक्त आलं.

मी मुद्दाम केलं नव्हतं. हे मी आज दहा वर्षं सांगतोय, पण ऐकायला कोण होतं?

पोरगा रडला नाही. त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि मागे सरत सरत पार बांधाला जाऊन टेकला. "चावतो यो," तो शेजारच्या भगवानला म्हणाला. तेवढंच. भगवान सातांतला सर्वांत धीट, पण त्यानंही मग माझ्याकडे पाय पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी अनंताची आई, हौसा, मिठागरातून तशीच, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेल्या पायांनी शाळेत आली.

"मास्तर, ही साळा हाय का काय हाय? पोराला दगूड फेकून मारलाव?"

"हौसावयनी, दगूड नाय तो. चेंडू हाय."

"चेंडू असा अस्तो? ओठ बगा त्याचा! आन आयका, याचा बा काय बोलतो त्ये. बोलतो, साळंत पोरगा मुका बसतो, मंग मिठावर येऊन मुका बसू दे. दोन पाय त तुडवाला येतील."

मास्तरांनी वाकून पोराचा ओठ पाहिला. मग हळूच म्हणाले, "वयनी, गोमाला सांगा, सव्वीस जानेवारीपर्यंत थांब. तोवर पोरगा चार मान्सांत बोलला नाय, त मी सोता त्याचं नाव कमी करतो."

तेव्हा मला कळलं की खेळ नुसता खेळ नव्हता. या पोराची शाळा माझ्यावर टांगली होती. मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? आता सगळे माझ्याकडे लक्ष देतील, माझी मनधरणी करतील, असं मी धरून चाललो.

आणि दोन दिवसांनी हौसा ते गाठोडं घेऊन आली.

आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या तिनं एकावर एक घट्ट गुंडाळल्या होत्या. वरून त्याच लुगड्याचा लाल काठ फिरवून दाभणानं शिवला होता. गोल म्हणावं तर एका बाजूनं चेपलेलं, एका बाजूनं फुगलेलं. तिनं ते मास्तरांच्या हातात दिलं. "यानं खेलवा. यो लागाचा नाय." मास्तरांनी ते उलटसुलट पाहिलं, जमिनीवर टाकलं. ते पडलं तिथंच बसलं. उसळणं नाही, घरंगळणं नाही. मला हसू आलं. हा काय चेंडू?

पोरांनी त्याचं नाव लाडू ठेवलं. मी मात्र त्याला गाठोडंच म्हणत आलो.

त्या दिवसापासून मी खाडीकाठच्या उंच रानभेंडीच्या झाडाला जाळीत टांगलेला आणि खाली ते गाठोडं मैदानात. फांदीवरून मला सगळं दिसायचं, आणि हेच वाईट होतं. दिसलं नसतं तर इतका जळफळाट झाला नसता. जी पोरं माझ्यापासून दहा हात लांब पळायची, ती त्याच्यावर तुटून पडायची. त्याला लाथ मारायची, त्याच्यावर लोळायची, खेळ संपल्यावर उशाला घ्यायची. मला टाके आहेत, मला जालंधरचा शिक्का आहे. त्याला काय होतं? एका बाईच्या लुगड्याचा वास!

मास्तरांनी एक नियम केला. पाय चेंडूवर ठेवायचा, चेंडू थांबवायचा आणि ज्याला द्यायचा त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय चेंडू सोडायचा नाही. दुसरा नियम बाकीच्यांना. चेंडू ज्याच्यापाशी आहे त्याला हसायचं नाही आणि घाई करायची नाही, मग संध्याकाळ का होईना.

अनंताकडे गाठोडं पहिल्यांदा आलं तेव्हा त्यानं पाय ठेवला आणि उभा राहिला. तोंड बंद. सगळे थांबले. भगवान हात पुढे करून उभा, पण बोलला नाही, कारण नियम होता. मास्तर बांधावर बसून गवताची काडी चावत होते. वारा माझी जाळी हलवत होता. बऱ्याच वेळानं मास्तर उठले आणि म्हणाले, "बरं, उद्या." कुणी हसलं नाही.

असे किती उद्या गेले! रोज तो पाय ठेवायचा, रोज सगळे थांबायचे. एकदा त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मला आतून वाटायचं, नाहीच जमणार. गाठोड्यानं कुठं कुणी बोलतं होतं? मग मास्तर मला खाली काढतील.

नवव्या की दहाव्या दिवशी, नेहमीसारखेच सगळे थांबलेले असताना, अनंता म्हणाला, "भगवान."

आवाज एवढासा. पण भगवाननं ऐकला, गाठोडं घेतलं, आणि लगेच ओरडला, "अनंता, घे!" अनंतानं पुन्हा पाय ठेवला. "भगवान!" या वेळी जरा मोठ्यानं. दोघं तसेच देत-घेत राहिले आणि बाकीची पाचही जणं त्यांच्याभोवती नाचायला लागली. मास्तरांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मी फांदीवर टांगलेला. त्या पोराचा पहिला शब्द त्या गाठोड्यावर पाय ठेवून निघाला, माझ्यावर नाही. त्या दिवसाइतका मत्सर मला त्या नारिंगी चेंडूचाही वाटला नव्हता.

पण सामना तर माझ्यानंच होणार होता. चिंध्यांच्या चेंडूनं पनवेलला कोण खेळू देणार? दहा दिवस उरले तेव्हा मास्तरांनी मला खाली काढलं, थोडी हवा सोडली, गाठ आत खोचली आणि मैदानात त्या गाठोड्याच्या शेजारी ठेवलं. माझा अपमानच तो. पोरं हळूहळू माझ्याजवळ यायला लागली. भगवाननं बोट लावून पाहिलं, मग पाय लावला. सहा जण धीट झाले. अनंता नाही झाला. मी त्याच्या दिशेला वळलो की तो बाजूला व्हायचा आणि जीभ ओठावरच्या खुणेवर जायची. सव्वीस तारीख उजाडली, पण त्याचा पाय मला एकदाही लागला नव्हता.

पनवेलच्या मैदानावर झेंडावंदन झालं, भाषणं झाली. गावाकडून बरीच माणसं आली होती. अनंताचा बाप गोमा बैलगाडीच्या दांडीवर हाताची घडी घालून बसला होता. हौसा खाली गवतावर बसली होती आणि तिच्या मांडीवर ते गाठोडं. घरी ठेवायचं सोडून इथंही आणलं होतं! शहरातली मुलं पांढऱ्या चड्ड्या घालून आली होती. मंडळातल्या कुणीतरी मला पाहिलं आणि म्हणाला, "अरे, हा तर आपला जुना! चालेल, लहान मुलांना हाच बरा. नवा कशाला खराब करायचा?" मी ते ऐकून घेतलं.

शिट्टी वाजली आणि आमच्या पोरांनी जे केलं, ते त्यांच्या गावाखेरीज दुसऱ्या कुणी केलं नसतं.

हे समजायला तुम्हाला मिठागर पाहिलेलं हवं. पावसाळा सरला की मिठाच्या वाफ्यांतलं गढूळ पाणी काढतात आणि तळ पायांनी तुडवून घट्ट करतात. माणसं खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभी राहतात आणि एका ठेक्यात पाय मारत पुढे सरकतात. रांगेत फट पडली तर तिथला तळ कच्चा राहतो आणि मिठात माती येते. त्यामुळे फट ठेवायची नाही, हे तिथल्या पोरांच्या अंगात चालायला लागल्यापासून मुरलेलं. एवढी गर्दी, एवढी टोपीवाली माणसं पाहून सातही जणं घाबरली, आणि घाबरल्यावर त्यांच्या पायांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. खांद्याला खांदा लावून रांग केली आणि पाय मारत पुढे निघाली. गोलरक्षकसुद्धा रांगेत! शहरातल्या मुलांनी मला रांगेच्या बाजूनं काढलं आणि रिकाम्या गोलात नेऊन टाकलं. पुन्हा तसंच. दोन गोल झाले. लोक पोट धरून हसत होते. कुणीतरी ओरडलं, "अरे, कवायत नाही, फुटबॉल आहे!" गोमानं गाडीवरून मान फिरवली.

मध्यंतराला पोरं मास्तरांभोवती बसली, माना खाली घालून. मला वाटलं, आता ओरडणार. पण मास्तर मांडी घालून त्यांच्यात बसले.

"रांग बरोबर हाय तुमची," ते म्हणाले. "रांग मोडू नका. फक्त आज वाफा मोटा हाय आन मानसं सात. मंग काय कराचं?"

पोरांनी मैदानाकडे पाहिलं. मग भगवान म्हणाला, "लांब लांब उभं रावाचं."

"आन मधली जागा?"

"जो जवल असल त्याची."

"झालं तर. जेवडी तुज्या पायाखालची तेवडी तुजी. बाजूची बाजूवाल्याची, आन हाक मारलीव का त्यो येतोच. हसनारे हसू देत, ते रांगंत नाय."

दुसऱ्या डावात रांग तीच राहिली, पण दोघादोघांमधलं अंतर मोठं झालं. एक जण मागे गोलात राहिला. शहरातली मुलं आता आली की कुणी ना कुणी समोर असायचाच. हसणं कमी झालं. पण सगळे मला अनंताच्या बाजूनं न्यायला लागले, कारण तो बाजूला होतो, हे त्यांनाही कळलं होतं. मुलांना अशा गोष्टी फार लवकर कळतात.

आणि मग एका उंच मुलानं मला जोरात मारलं. मी जमिनीला लागलो, उसळलो आणि सरळ अनंताकडे निघालो. पहिल्या दिवसासारखाच. माझ्या मनात काय आलं ते सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. मला वाटलं, लागावं. पुन्हा तोंडावर लागावं. म्हणजे सगळ्यांना दिसेल की महिनाभर त्या गाठोड्याला कवटाळून काही उपयोग झाला नाही.

अनंताची जीभ ओठावर गेली. त्यानं एकदा हौसाच्या मांडीकडे पाहिलं. बाजूला मात्र झाला नाही. त्यानं मला छातीवर घेतलं, मी खाली पडलो, आणि पडताक्षणी माझ्यावर पाय आला. टाचा मिठानं चिरलेल्या, तळवा खरखरीत, ऊन. आयुष्यात मला लाथा पुष्कळ मिळाल्या, पण असा पाय कुणी ठेवला नव्हता. त्या पायाला मी कोण आहे हे ठाऊकच नव्हतं. लाडूवर ठेवावा तसाच त्यानं तो माझ्यावर ठेवला होता.

शहरातली दोन मुलं अंगावर धावून येत होती. तो उभा राहिला. आमच्या सहा जणांनीही, सवयच पडली होती ना, घाई केली नाही.

"भगवान! भगवान, घे!"

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं. भाषण करणाऱ्या पुढाऱ्याचा आवाजसुद्धा तिथवर पोचला नव्हता. मी भगवानकडे गेलो, त्यानं पुढच्याचं नाव घेतलं, पुढच्यानं त्याच्या पुढच्याचं, आणि रांगेतून हाकांवर हाका होत मी गोलात गेलो.

सामना आम्ही दोन-एकनं हरलो. पण त्या एका गोलाला पनवेलकरांनी टाळ्या वाजवल्या. गोमा गाडीवरून उतरून आला. अनंताकडे पाहून म्हणाला, "केवडा वरडतस रं!" मग मास्तरांकडे वळून, जमिनीकडे पाहत म्हणाला, "ऱ्हाऊ दे त्याला साळंत. मिठाला मना दुसरा गडी मिलल."

हौसानं डोळ्यांना पदर लावला.

मग घरी निघायची वेळ झाली. अनंता पळत आला. मला वाटलं, आता मला उचलणार. आता तरी. त्यानं माझ्या वादीवर बोट फिरवलं, "लागला नाय," म्हणाला, आणि आईच्या मांडीवरचं ते गाठोडं उचलून छातीशी धरून चालायला लागला. दीड तासाची वाट. मी मास्तरांच्या पिशवीतून त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. गोल माझा, आणि मिरवणूक गाठोड्याची.

त्यानंतर वर्षं गेली. दर वर्षी नवी लहान पोरं यायची, आधी त्या गाठोड्यावर शिकायची आणि मग माझ्याकडे यायची. माझ्याकडे येईपर्यंत ती धीट झालेली असायची, म्हणजे श्रेय पुन्हा त्याचंच. मास्तरांची बदली उरणकडे झाली. जाताना त्यांनी आम्हा दोघांना अनंताच्या स्वाधीन केलं. अनंता सातवी पास झाला, पुढे पनवेलच्या हायस्कुलात जायला लागला. आता सतरा वर्षांचा आहे, मिशी फुटली आहे, आणि रविवारी बांधालगतच्या त्याच जागेवर लहान पोरांना खेळवतो. नियम तेच. हसायचं नाही आणि घाई करायची नाही.

यंदा पावसाळा सरता सरता माझा फुगा गेला. दोनदा ठिगळ लावून झालं होतं, पण रबरच कुजलं. त्याच सुमारास गाठोड्याचीही शिवण उसवली आणि चिंध्या बाहेर लोंबायला लागल्या. हौसानं दोनदा शिवलं, पण कापडच विरलेलं. टाका धरेना.

आणि त्याच दिवसांत चिंगी आली. डोंगराकडच्या वाडीतली माणसं मिठागरावर कामाला उतरली होती, त्यांतली ही पोरगी, सात वर्षांची. रोज यायची आणि अंगाचं मुटकुळं करून बांधाला टेकून बसायची. अनंतानं एकदा मला तिच्याकडे हलकेच ढकललं तर ती ओरडून मागे सरली. अगदी त्याच जागी, त्याच बांधाला टेकली. अनंता कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभा होता.

मग तो आम्हा दोघांना घेऊन बसला. त्यानं माझी वादी सोडली, पोटातला कुजका फुगा बाहेर ओढला आणि फेकून दिला. गाठोड्याची उरलीसुरली शिवण दाभणानं उसवली. हिरव्या लुगड्याची एकेक चिंधी त्यानं सुटी केली, झटकली, आणि माझ्या चिरेतून आत कोंबायला लागला. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. ज्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून मी दहा वर्षं दात खाल्ले, तो माझ्या पोटात! शेवटी त्यानं लाल काठही आत घातला, वादी ओवली आणि गाठ आत दडवून टाकली.

मी जड झालो होतो, मऊ झालो होतो. उसळणं संपलं होतं. अनंतानं मला चिंगीसमोर ठेवलं आणि तिच्याशेजारी उकिडवा बसला.

"चावल ना?" तिनं विचारलं.

"नाय चावत. दाबून बग. त्याच्या पोटात लाडू हाय."

तिनं आधी बोट लावलं, मग हात, आणि मग मला उचलून मांडीवर घेतलं. जालंधर सोडल्यापासून मला कुणी मांडीवर घेतलं नव्हतं.

तर हा असा मी मऊ आहे. तुम्ही भल्या मनानं नवा फुगा आणलात, पण तो मला घालू नका. घालायचा तर आधी लाडूला बाहेर काढावं लागेल, आणि बाहेर काढला की चिंगी धावत येऊन त्यालाच उचलील, मला नाही. मला ते पुन्हा बघवणार नाही. म्हटलं ना, माझा स्वभाव मत्सरी आहे. अजूनही ती मला थोपटते तेव्हा थाप मला मारते की त्याला, याचा हिशेब मी करत बसतो, आणि तो काही लागत नाही.

तो फुगा मोठ्या पोरांच्या चेंडूला द्या. बांधावरून चिंगी येतेय बघा. कालपर्यंत तिनं कुणाचं नाव घेतलेलं नाही. सगळे थांबलेत. मला तिच्या पायाजवळ ठेवा, आणि तुम्हीही जरा थांबा.